वाचा बसवणारं झाड

श्रोतेहो, नमस्कार.

रुंद हिरवी पानं, मधोमध पांढरट-पिवळसर नक्षी, जाड पेरांचं खोड. हे डिफेनबेकिया. कमी उजेडात टिकतं, चार दिवस पाणी नाही मिळालं तरी रुसत नाही, म्हणून घराघरांत, कार्यालयांत दिसतं. मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतलं. इंग्रजीत त्याला ‘डम्ब केन’ म्हणतात. ते वाचा बसवतं, म्हणून.

याच्या पानांत, देठांत, खोडात काही खास पेशी असतात आणि त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांचे जुडगे. पान चावलं की त्या सुया उसळून जिभेत, हिरड्यांत, टाळूत रुततात. तोंडाची लगेच आग होते. ओठ, जीभ सुजतात, लाळ गळते, गिळवत नाही, आवाज घोगरा होतो, कधी काही काळ बोलताच येत नाही. मोठा माणूस निदान कुंडीकडे बोट दाखवेल. रांगतं बाळ फक्त रडतं. कुत्रा पंजानं तोंड खाजवत राहतो. मांजर लाळ गाळत कोपऱ्यात बसतं, अन्नाला तोंड लावत नाही, आणि आपण कारण भलतीकडेच शोधत राहतो.

याच झाडाबद्दल फोनवर एक संदेश फिरतो: लहान मूल एका मिनिटात दगावतं, मोठा माणूस 15 मिनिटांत. ते खरं नाही. बहुतेकांचा त्रास काही तासांत, फार तर काही दिवसांत ओसरतो. मला त्या संदेशाचा मनापासून राग येतो, कारण घाबरलेले आईवडील मुलाच्या घशात बोटं घालून उलटी काढायला जातात आणि सोललेल्या घशाला पुन्हा इजा होते. उलटी काढू नका. तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्यानं पुसा, चूळ भरायला लावा. गिळता येत असेल तर थंड पाणी किंवा दूध घोट घोट द्या आणि डॉक्टरांना विचारा. डोळ्यात रस उडाला तर न चोळता निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. सूज वाढत असेल, श्वास अडत असेल, तर घरी काहीच करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. जाताना झाडाचं एक पान पिशवीत घालून न्या. प्राण्यांच्या डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, पीस लिली यांच्यातही हेच स्फटिक असतात. छाटणी करताना हातमोजे घाला, नंतर कात्री धुवा. कुंडी उंच फळीवर ठेवली की झालं, असं अनेकांना वाटतं. पण मांजर फळीवर चढतं. आणि खालचं पिवळं पान गळून जिथं पडतं, तिथंच बाळ रांगत असतं.