मसाल्याला डोस, मग पिशवीला?

नमस्कार मंडळी, आज मला पिशवीबद्दल बोलायचंय, ज्यात मसाला भरतात ना, त्या साध्या प्लास्टिकच्या पिशवीबद्दल. विकिरणाचा, म्हणजे जंतू मारायला मसाल्यावर किरण सोडण्याचा, विषय निघाला की लोक पहिलं विचारतात, मसाला किरणोत्सारी होतो का हो? तर नाही होत, त्यासाठी वापरतात त्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांत तेवढी ताकदच नसते, ते जंतू मारतात आणि आरपार निघून जातात. पण मसाला पॅक करून, सील मारूनच विकिरणाच्या प्लांटमध्ये पाठवतात, नंतर परत जंतू शिरू नयेत म्हणून, त्यामुळे जेवढा डोस मसाल्याला तेवढाच पिशवीलापण बसतो आणि त्याचं कोणी विचारतच नाही.

डोस किती ते बघा, तो ग्रे या एककात मोजतात, हजार ग्रे म्हणजे एक किलोग्रे. लासलगावच्या विकिरण केंद्रात अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला कमीत कमी ४०० ग्रे देतात, कीड पुढे वाढू नये म्हणून. मसाल्याला आपल्याकडे ६ ते १४ किलोग्रे, म्हणजे १५ ते ३५ पट! तेव्हा आंब्याच्या खोक्याचा हिशोब इथे लावून चालत नाही.

शिवाय प्लास्टिक सगळं एकसारखं नसतं. पॉलिस्टायरीन चांगलं टिकतं, पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या मात्र तुटतात, आणि प्लांटमधून बाहेर आल्यावरही हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते तुटणं हळूहळू चालूच राहतं. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाने मिरची पावडर अशाच पॉलिप्रॉपिलीनच्या चकचकीत पिशव्यांत पाठवली होती, परत आली तेव्हा एकदम छान, पण काही महिन्यांनी एका ताईंनी पिशवी दुमडली तर घडीवरच कडकन चीर गेली आणि सगळी लाल पूड ओट्यावर. कष्टाचा माल हो तो, फार वाईट वाटलं.

चीर निदान दिसते तरी. प्लास्टिक टिकावं म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनपासून वाचवणारी रसायनं, घातलेले असतात, किरणांनी त्यांचे तुकडे होतात आणि ते बारीक रेणू खाण्यात उतरू शकतात, तेलकट पदार्थात तर जास्तच, आणि पॉलिथिनला कधीकधी वेगळाच वास मारतो. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, यादी केलीय, कोणतं पॅकिंग किती डोसपर्यंत चालेल याची, आणि त्यात बऱ्याच प्रकारांना १० किलोग्रेचीच मर्यादा आहे.

म्हणून मसाल्याचा धंदा करणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, पिशवीवाल्याकडून रिपोर्ट घ्याल तेव्हा कोऱ्या पिशवीचा घेऊ नका, तुमचा जो डोस आहे तो दिल्यानंतर टेस्ट केलेल्या पिशवीचा मागा, आणि चार पिशव्या कपाटात ठेवून दर महिन्याला दुमडून बघा.