शाळेचा इतिहास कोणत्या कपाटात असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

खानदेशातल्या अनेक माध्यमिक शाळा आता शंभरीच्या आसपास आल्या आहेत, काहींनी ती ओलांडलीही आहे. शताब्दी आली की स्मरणिका समिती बसते आणि संस्थापकांचे छायाचित्र, देणगीदारांची यादी, मुख्याध्यापकांची नावे, निकालाची टक्केवारी असा मजकूर ठरल्याप्रमाणे गोळा होतो. तो खोटा नसतो. मात्र पानाच्या माथ्यावरचे शाळेचे नाव झाकले, तर ही शाळा धरणगावची की दोंडाईच्याची, हे वाचणाऱ्याला सांगता येणार नाही. शाळेची खरी ओळख तिच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, जनरल रजिस्टरच्या, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ठेवणाऱ्या वहीच्या, जाड खंडांत नोंदवलेली असते, आणि नेमके तेच कपाट इतिहास लिहिताना सहसा उघडले जात नाही. आज त्याविषयी बोलायचे आहे.

आधी या शाळा उभ्या कशा राहिल्या ते पाहू. १८५४ च्या शैक्षणिक खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले आणि १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने माध्यमिक शिक्षणाचा भार हळूहळू खाजगी संस्थांवर सोपवावा असे सुचवले. त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले होते. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. पण तो मुख्यतः गावच्या मराठी शाळेपुरता होता. चौथीनंतर इंग्रजी शिकायचे तर मुलाला तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे गाव गाठावे लागे.

ही पोकळी कापसाच्या पैशाने बऱ्याच अंशी भरून काढली. अमळनेर हे त्याचे ठळक उदाहरण. श्रीमंत प्रतापशेठ यांनी तिथे कापडगिरणी उभारली, तत्त्वज्ञान मंदिराच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि शिक्षणालाही सढळ हाताने मदत केली. प्रताप हायस्कूल आणि १९४५ साली निघालेले प्रताप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. जिनिंग, गिरणी आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग जिथे एकत्र आले तिथे हायस्कूल निघाले, हा खानदेशाचा शैक्षणिक नकाशा समजायला पुरेसे आहे.

पण देणगीने इमारत होते, शाळा कशाने होते? याच प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली साने गुरुजी शिक्षक म्हणून आले. पुढे त्यांच्याकडे छात्रालय आले आणि त्यांनी तिथे हस्तलिखित दैनिक चालवले. मुलांच्या खोल्या झाडण्यापासून आजारी मुलाजवळ रात्र जागवण्यापर्यंतची कामे ते स्वतः करीत. १९३० साली सविनय कायदेभंगात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे ते या शाळेत अवघी सहा वर्षे होते, तरी आजही शाळेचे नाव काढले की गुरुजी आधी आठवतात आणि गिरणी नंतर. त्यांच्यामुळे छात्रालय प्रसिद्ध झाले हे खरे, पण त्या छात्रालयात मुले कोणत्या गावांहून आली होती, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

त्याचे उत्तर रजिस्टरात मिळते. मुलाचे पूर्ण नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण अशी त्याच्या रकान्यांची साधारण मांडणी असते. जुन्या खंडांत इयत्तेपुढे ‘इंग्रजी चौथी’ दिसल्यास ती आजची आठवी समजावी. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, आणि तिची परीक्षा १९४९ साली एस.एस.सी. मंडळ येईपर्यंत मुंबई विद्यापीठ घेत असे. हे लक्षात ठेवून आधीच्या शाळेचा रकाना वरून खाली वाचत गेले, की कोणत्या गावांनी या हायस्कूलला मुले पुरवली आणि कोणत्या गावातून दहा दहा वर्षे कोणीच आले नाही, याचा नकाशाच तयार होतो. मुलीचे पहिले नाव कोणत्या पानावर आले, भिल्ल किंवा पावरा मुलगा प्रथम केव्हा आला आणि तो कितव्या इयत्तेपर्यंत टिकला, हेही तिथेच कळते. १९३० आणि १९४२ या सालांतली शाळा सोडल्याची कारणे तर प्रत्येक शाळेने बारकाईने पाहावीत.

जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख इतक्या वेळा भेटते की नव्या माणसाला हसू यावे. घरी जन्माची नोंद नसे आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना वय पूर्ण व्हावे लागे, म्हणून शाळेतल्या शिक्षकांनीच ती तारीख घातलेली असे. त्या तारखेवर कित्येकांच्या नोकऱ्या लागल्या आणि त्याच तारखेने ते निवृत्तही झाले.

रजिस्टर जे सांगत नाही तेही ध्यानात घ्यावे. मातृभाषेच्या रकान्यात बहुधा ‘मराठी’ एवढेच लिहिलेले असते. प्रत्यक्षात साक्री-पारोळ्याकडचा मुलगा घरी अहिराणी बोले, यावल-रावेरचा लेवा गणबोली, शहाद्याकडचा गुजरी आणि धडगाव-अक्कलकुव्याचा भिली किंवा पावरी. वर्गात या सर्वांना छापील मराठीत उत्तर द्यावे लागे, आणि अहिराणीत बोलणाऱ्याला हसणारे शिक्षक खानदेशात होते, हे मान्य केले पाहिजे. ही बाजू कागदावर आलेली नाही, म्हणून ती माजी विद्यार्थ्यांच्या तोंडून, त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावी लागेल, आणि हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

या खंडांना आज सर्वांत जास्त मागणी आहे ती जात पडताळणीसाठी. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. म्हणून नातू आजोबांच्या नावाचा दाखला शोधत शाळेत येतो. लिपिक जुना खंड खाली काढतो, पान उलटताना कागदाचा कोपरा तुटतो, शाई फिकी असल्यामुळे कोणी तिच्यावर पेन फिरवतो, आणि असे झाले की नोंदीचा भरवसाच जातो. या मूळ खंडांची इतकी हाताळणी थांबलीच पाहिजे.

तेव्हा स्मरणिका समित्यांना माझी सूचना अशी, की १९६७ पर्यंतच्या प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली आधी काढून घ्यावे, त्याची एक प्रत शाळेबाहेर सुरक्षित ठेवावी आणि मूळ पानांना प्लास्टिकचे आवरण मुळीच चढवू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. स्मरणिकेत मुलांची नावे व जाती छापू नयेत. गावे, वर्षे आणि संख्या छापाव्यात. त्यासाठी पाच-सहा पाने लागतील, आणि तेवढ्यापुरत्या शुभेच्छांच्या जाहिराती कमी घेतल्या तरी चालेल.

नमस्कार.