रिमोट भिंतीपाशी का अडतो?

मंडळी, टीव्हीचा हा रिमोट मी घरून पिशवीत घालून आणलाय. घरी एव्हाना शोधाशोध सुरू झाली असेल, होऊ द्या.

याच्या टोकाच्या दिव्यातून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश निघतो. पल्ला आठ-दहा मीटर, मध्ये भिंत आली की संपलं. उलट आकाशवाणी नाशिक, 101.4 मेगाहर्ट्झ, बंद दाराआडही ऐकू येतं. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच, वेगही एकच, सेकंदाला 3 लाख किलोमीटर. मग फरक कुठे पडला?

लांबीत. एफएमची लहर जवळपास 3 मीटरची. रिमोटची साधारण 940 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही किंचित कमी. तीस लाख पटींचा फरक! गोदावरीला पूर आला की मोठी लाट घाटावरच्या खांबाला वळसा घालून पुढे जाते. बारीक तरंग त्याच खांबावर आपटून विरतात. तसंच हे. निफाडकडच्या मंडळींना थंडीतलं धुकं सांगायला नको. धुक्याचा थेंब अवरक्त लहरीपेक्षा कितीतरी मोठा, तो तिला विखरून टाकतो. एफएमच्या लहरीला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यात सूर्य. तोही अवरक्त प्रकाश भरभरून ओततो. त्या गोंगाटात आपला आवाज वेगळा कळावा म्हणून रिमोटचा दिवा सेकंदाला साधारण 38 हजार वेळा उघडमीट करतो आणि टीव्ही तेवढीच लय ऐकतो. तरी भर उन्हात अंगणात टीव्ही मांडलात, तर बटणं दाबून अंगठा दुखेल.

म्हणून अवरक्त दुबळं, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. डिसेंबर 2023 मध्ये नासाच्या सायकी यानानं अवरक्त लेझरनं एक व्हिडिओ पृथ्वीवर पाठवला. अंतर 3 कोटी 10 लाख किलोमीटर, वेग सेकंदाला 267 मेगाबिट. व्हिडिओत काय, तर लेझरच्या ठिपक्यामागे धावणारं मांजर! लहर जितकी आखूड, तितका झोत अरुंद ठेवता येतो. ऊर्जा इकडेतिकडे सांडत नाही. भिंतीपाशी नडणारा आखूडपणा अवकाशात कामी येतो, कारण तिथे भिंतच नाही. जमिनीवर मात्र ढग आले की तो झोत टिपणारी दुर्बीण आंधळी, म्हणून यानावर रेडिओ असतोच. आणि आपल्या घरी येणाऱ्या फायबरच्या तारेत? तिथेही अवरक्तच धावतं. काचेच्या बोगद्यात ना धुकं, ना ऊन.

मागून चिठ्ठी आलीय: ‘आमचा रिमोट टीव्हीकडे पाठ करूनही चालतो, तो कसा?’ समोरची भिंत पांढरी असणार. प्रकाश तिच्यावरून उसळून टीव्हीपर्यंत पोचतो. आता जरा दिवे मालवा आणि मोबाईलचा कॅमेरा माझ्या हाताकडे धरा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण बऱ्याच मोबाईलमध्ये जांभळट ठिपका लुकलुकेल. सेल्फीच्या कॅमेऱ्यात जास्त चांगला. दिसला? हां, तोच.