स्वस्त इयरबड घेताना आधी कान बघा, मग डबा

नमस्कार मंडळी. आजचा विषय रोजचा आहे, हजार ते अडीच हजार रुपयांतले वायरलेस इयरबड, आणि ते निवडायचे कसे. लोकलमध्ये, एसटीत, ऑफिसच्या मीटिंगला, मुलांच्या ऑनलाइन क्लासला, स्वयंपाक करता करता बहिणीशी बोलायला, सगळीकडे ते लागतात, कारण बऱ्याच फोनला आता वायर लावायची जागाच राहिलेली नाही. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ती काढली, त्याच डिसेंबरात एअरपॉड्स विकायला आले, आणि पुढे एकेक करत बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. त्यामुळे ही आता हौसेची वस्तू नाही, चप्पल-छत्रीसारखी गरजेची झालीय, आणि म्हणूनच घेताना नीट बघून घेतली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बघायचं काय? ॲपवर गेलात की समोर येतात आकडे. ४२ तास बॅटरी, १३ एमएम ड्रायव्हर (म्हणजे बडमधला आवाज काढणारा छोटा स्पीकर), ५० डीबी, म्हणजे डेसिबल, नॉइज कॅन्सलेशन. माझं म्हणणं असं की बड तुमच्या कानात फट न ठेवता बसतो की नाही हे पहिलं बघा, कारण आवाज, गोंगाट, कानाची तब्येत हे सगळं त्या फटीवर येऊन थांबतं, आणि ती फट कुठल्याच डब्यावर छापलेली नसते.

एक उदाहरण देतो म्हणजे लक्षात येईल. बोट (boAt) कंपनीचे एअरडोप्स १३१ आणि १४१, दोन्ही खूप खपलेले, तुमच्यापैकी काहींच्या खिशात आत्ता असतील. १३१ मध्ये १३ एमएमचा ड्रायव्हर आहे, पण त्याला रबराची टोपी नाही, तो कानाच्या तोंडाशी नुसता टेकतो. १४१ मध्ये ड्रायव्हर ८ एमएमचाच, पण टोपी आहे, ती कानाच्या नळीत जाऊन बसते. आकडा बघून कुणीही म्हणेल की १३ वाला जास्त दणकट वाजणार. घरात शांत बसून ऐकलंत तर तो बरा वाजतो, प्रश्नच नाही, कानाला मोकळंही वाटतं, पण तोच घालून गाडीत चढा, तबल्याचा डग्गा गेला, ढोलकीचा घुमारा गेला, उरला नुसता वरचा चिरका आवाज. का होतं असं, तर खालचे सूर म्हणजे कानाच्या नळीतल्या हवेवर येणारा सावकाश दाब, आणि फट असली की तो दाब तिथूनच निसटतो. ड्रायव्हर कितीही मोठा घ्या, फट आहे तोवर डग्गा ऐकू येणार नाही.

म्हणून डब्यात टोप्यांच्या दोन-तीन जोड्या येतात ना, लहान-मध्यम-मोठी, त्या फेकू नका. बहुतेक लोक मधली लावलेली असते तीच आयुष्यभर वापरतात. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही, एका कानाला मधली आणि दुसऱ्याला लहान लागू शकते, बिनधास्त तशी लावा. घातल्यावर स्वतःशी मोठ्याने बोलून बघा, आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा आला की समजा बसली नीट. ज्यांना रबराने कान दुखतो किंवा कोंडल्यासारखं होतं त्यांनी मोकळे बड घ्यावेत, मात्र ते घरासाठी आणि शांत ऑफिससाठी, गाडीसाठी नाही.

आता हे मी इतकं ताणून का सांगतोय, तर फट राहिली की माणूस काय करतो, व्हॉल्यूम वाढवतो. बाहेर गाडीचा खडखडाट, त्याच्या वर गाणं न्यायचं म्हणजे आवाज वाढवावाच लागतो, आणि असं रोज येता-जाता दोन-तीन तास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, ती ८० डेसिबलला. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, आणि ९० च्या आसपास गेलात की आठवड्याला फक्त ४ तास. डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्या माणसाचे ४ तास कधी संपतात बघा, दुसऱ्या दिवशीच! कानाच्या आतल्या त्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. टोपी नीट बसली तर बाहेरचा आवाज तिथेच बराचसा अडतो, मग निम्म्या व्हॉल्यूमवर सुद्धा गाणं पुरतं. कॉलेजच्या मुलांनी हे फार मनावर घ्यावं असं मला वाटतं.

आता दोन शब्द, एएनसी आणि ईएनसी, आणि यात लोकांचे खूप पैसे चुकीच्या जागी जातात. एएनसी तुमच्यासाठी असतं, तुमच्या कानात येणारा गोंगाट कमी करतं. ईएनसी समोरच्यासाठी, फोनवर तुम्ही बोलताना तुमच्या मागचा गोंगाट त्याला कमी जावा म्हणून. हजार-बाराशेच्या डब्यावर मोठ्या अक्षरात नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं असतं आणि बारीक वाचलं की ते ईएनसी निघतं, गाडीत घातल्यावर काहीच शांत होत नाही आणि मग माणूस म्हणतो माल खराब आहे. माल ठीक असतो, तो दुसऱ्याच कामाचा असतो. खरं एएनसी सुद्धा एकसुरी घरघर कमी करतं, पंखा, एसी, बसचं इंजिन. हॉर्न, शेजारच्यांच्या गप्पा, फेरीवाल्याची हाक यावर त्याचा जोर कमीच चालतो. ५० डीबी लिहिलंय म्हणजे कुठल्यातरी एका पट्टीला जास्तीत जास्त इतकं, सगळीकडे नाही. आणि फट असेल तर तेही नाही.

कॉलचं बघू. ज्यांचा दिवस मीटिंगमध्ये जातो त्यांनी हे ऐकाच. गाणं ऐकताना ब्लूटूथ सगळी ताकद एका दिशेला लावतं, पण माईक चालू झाला की दोन्ही दिशांना आवाज न्यायचा असतो, मग बड जुन्या कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज एकदम चपटा, डब्यातून आल्यासारखा होतो. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा याच्यामुळे, बड बिघडलेला नसतो. उपाय फुकट आहे, सेटिंगमध्ये जाऊन माईक लॅपटॉपचा निवडा आणि ऐकायला बड ठेवा. तुम्हाला चांगलं ऐकू येतं, आणि खोली शांत असेल तर समोरच्यालाही, कारण स्वस्त बडचा माईक तोंडापासून लांब, कानाशी असतो, त्यापेक्षा लॅपटॉपचा बरा पडतो.

बॅटरीबद्दल एवढंच की ४२ तास हा केससकटचा, म्हणजे चार्जिंगच्या डबीसकटचा आकडा असतो, तुम्ही बघायचं एका चार्जला किती, आणि तोही मोजतात साधारण निम्म्या व्हॉल्यूमवर, एएनसी बंद ठेवून. पाच-सहा तास खरे मिळाले तर रोजच्याला भरपूर झाले. बडमधला सेल अगदी इवलासा असतो, रोज चार्ज-डिस्चार्ज होऊन दीड-दोन वर्षांत थकतो आणि या किमतीत तो बदलून मिळत नाही. म्हणून मी तरी अडीच हजारांच्या वर जाऊ नका म्हणतो. वनप्लसचे नॉर्ड बड्स २आर मला या गटात पटतात, एएनसी नाही पण टोपी आहे, एका चार्जला ८ तासांचा दावा आहे आणि धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं आयपी५५ आहे. आयपीमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आयपीएक्स४ मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. घाम, रिमझिम चालेल, पण ओला बड केसमध्ये टाकू नका, केसला ते संरक्षण बहुतेक वेळा नसतं आणि आतल्या पिना गंजतात.

एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाईने आवाज पाठवायची पद्धत, तिचा ९९० केबीपीएस वगैरे बघून जास्त पैसे देऊ नका, तुम्ही यूट्यूबवर अभंग ऐकणार असाल तर तिथून येणारा आवाजच साधारण १२८ केबीपीएसच्या आसपास असतो.

छापील किमतीकडे तर बघूच नका, साडेचार हजार लिहून बाराशेला देतात. बघा काय, तर डब्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि आर-पासून सुरू होणारा नोंदणी नंबर, बिल, आणि तुमच्या गावात किंवा तालुक्याला सर्विस सेंटर आहे का. फुटपाथवर दोनशे-तीनशेला हुबेहूब एअरपॉड्स दिसणारे मिळतात ते घेऊ नका, आत लिथियमचा सेल आहे आणि तो कुणी तपासलाय याचा पत्ता नाही.

शेवटी एका काकूंनी चांगला प्रश्न विचारला, यांना कमी ऐकू येतं, यंत्राऐवजी असे बड चालतील का? काकू, नाही चालणार. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, एअरपॉड्स प्रो २ साठी श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, ती बातमी तुम्ही ऐकली असेल, पण ते सॉफ्टवेअर सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहे आणि ते बड या किमतीत येत नाहीत. दोन हजारांच्या बडने सगळाच आवाज मोठा होईल, आणि यांना जे सूर ऐकू येत नाहीत ते तरीही कळणार नाहीत, वर उरलेल्या ऐकण्यावर ताण. आधी ऑडिओग्राम काढा, म्हणजे कुठला सूर किती ऐकू येतो याची तपासणी. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे कान तपासतात आणि यंत्र कुठलं लागेल तेही सांगतात. काका तुमच्यासोबत आलेत ना आज, मग याच आठवड्यात घेऊन जा त्यांना.