पिशवी खाली ठेवून बघायची मंडई

नमस्कार श्रोतेहो.

मंडईत शिरलं की आपली नजर कुठे असते? भेंडी कोवळी आहे का, मेथीची जुडी केवढ्याला. मान वर करून छपराकडे बघणारा पुणेकर मी तरी फारसा पाहिलेला नाही. आज तेवढंच करू या. पिशवी घटकाभर खाली ठेवा.

शुक्रवार पेठेतली ही इमारत १८८६ सालची. तोवर बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, ऊन-पाऊस खात भरायचा. नव्या मंडईला नाव मिळालं गव्हर्नरसाहेबांचं, रे मार्केट. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. मधोमध अष्टकोन, त्यावर मनोरा आणि बाजूंनी बाहेर पसरलेले लांबट फाटे. कमानी विलायतेतल्या चर्चला शोभतील अशा टोकदार, आणि त्यांच्याखाली कांदे-बटाटे! हसू येतं खरं. पण इथे एकच मोठं चौकोनी कोठार बांधलं असतं, तर आतल्या गाळ्यांना ना उजेड, ना वारा. फाटे अरुंद असल्यामुळे कुठलाही गाळा कमानीपासून फार लांब पडत नाही. छप्पर उंच, म्हणून गरम हवा वर जाते. पालेभाजीला आणखी काय हवं?

आता गाळा बघा. विकणाऱ्या मावशी उंचावर मांडी घालून बसलेल्या, भोवती उतरत्या रचनेत भाजी. न उठता हात सगळीकडे पोचतो. आपण खाली उभे. भाव करायचा तर मान वर करूनच. घासाघीस करणारा तिथेच निम्मा हरतो.

या इमारतीवर एवढा खर्च कशाला, त्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर घाला, असा विरोध नगरपालिकेत झाला होता. विरोध करणारे सदस्य जोतीराव फुले. ते काही बांधकामातलं न कळणारे गृहस्थ नव्हते. स्वतः कंत्राटदार होते. घराणंही फुलांच्या धंद्यातलं, आडनाव त्यावरूनच पडलेलं. मला विचाराल तर इमारत देखणी आहे आणि जोतीरावांचा मुद्दाही रास्त होता.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना नाव बदललं आणि रे साहेबांच्या जागी महात्मा फुले आले. त्यांनी ज्या दगडांना विरोध केला, त्याच दगडांवर!

अर्थात पूर्ण नाव पाटीवरच. रिक्षावाल्याला नुसतं ‘मंडई’ म्हटलं तरी पुरतं.