बंदूक नसलेल्या खेळाला काय म्हणायचे?

नमस्कार. आज राजापूरहून बोलते आहे. मागे दिसतो आहे तो आमच्या घराचा गडगा आणि त्याच्या पलीकडे सडा, म्हणजे कातळाचे पठार. पाऊस ओसरला आहे, तरी मध्येच एखादी सर आली तर छत्रीखाली बसून पुढचे बोलावे लागेल, तेवढे सांभाळून घ्यावे.

आजचा विषय एका चुकीतून निघाला आणि ती चूक माझीच आहे. मारामारी नसलेल्या, नुसते फिरून पाहण्याच्या व्हिडिओ गेमबद्दल या वाहिनीवर जे भाग आहेत, ते मी एका यादीत गोळा केले होते आणि त्या यादीला 'विनामारामारीचे गेम' असे नाव देऊन मोकळी झाले होते. परवा नवा भाग त्या यादीत टाकताना लक्षात आले की या नावाखाली बुद्धिबळही बसते, शेतीचा गेमही बसतो आणि मोटारींची शर्यतही बसते. एखाद्या वस्तूत काय नाही, यावरून तिचे नाव ठेवले की असे होणारच.

आंब्याचेच पाहा. कोयीपासून आपोआप उगवलेल्या, कलम न केलेल्या झाडाचा आंबा तो रायवळ. एका झाडाची बिटकी साखरेसारखी गोड, शेजारच्या झाडाचा आंबा दात आंबवणारा, तिसऱ्याचा रस निघतो पण धागे दातांत अडकतात. तरी बाजाराच्या लेखी सगळे रायवळच, कारण ते कलमी नाहीत एवढेच बाजाराला ठाऊक असते. हापूसची गोष्ट उलटी आहे. त्याला अफोन्सो या पोर्तुगीज माणसाचे नाव मिळाले, ते आपल्या तोंडात बसून हापूस झाले, आणि २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या नावे त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. व्हिडिओ गेमच्या बाजारातही नावे बहुधा याच दोन वाटांनी पडतात.

(पडद्यावर: 'डूम'मधील बोळ, पुढे धरलेली बंदूक.)

'डूम' हा गेम डिसेंबर १९९३ मध्ये आला. खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारे जग आणि पडद्याच्या तळाशी त्याची बंदूक, ही त्याची मांडणी इतकी गाजली की नंतर तसे जे गेम निघाले त्यांना बरीच वर्षे 'डूम क्लोन' म्हणजे डूमची नक्कल म्हटले जात असे. नकला पुष्कळ झाल्या, मूळ झाडाचे नाव पुरेनासे झाले, तेव्हा 'फर्स्ट पर्सन शूटर' हे नाव रुळले. १९८० च्या 'रोग' (इंग्रजी 'rogue', म्हणजे भामटा) या गेमवरून 'रोगलाइक', म्हणजे 'रोग'सारखा, हे नाव आले. 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' या दोन नावांची मोडतोड करून 'मेट्रॉइडव्हेनिया' हा जोडशब्द तयार झाला. ही सगळी हापूसची भावंडे. आपण ज्याला बिनदिक्कत 'अॅडव्हेंचर' म्हणतो, तो प्रकारसुद्धा एका गेमच्याच नावावरून आला आहे. विल क्राउथर हा अमेरिकन प्रोग्रामर गुहा धुंडाळणारा, केंटकीतील मॅमथ केव्हची मोजणी करणाऱ्यांपैकी होता. १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्याने ती गुहा शब्दांत उतरवून संगणकावर आणली, तोच 'अॅडव्हेंचर' हा गेम, आणि १९७७ मध्ये डॉन वूड्स याने तिच्यात भर घातली. म्हणजे त्या सबंध घराण्याचा मूळपुरुष एका खऱ्या गुहेतली पायपीट होता, हे मला नेहमीच मजेचे वाटते.

आता ज्या नावासाठी हा भाग केला, त्या नावाकडे वळते. मारामारी नसलेल्या, चालत फिरून कथा उलगडणाऱ्या गेमना इंग्रजीत 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणतात. हे नाव चेष्टेतून पसरले. 'यात करायचे काय, तर नुसते चालायचे' असा त्याचा सूर होता, आणि आजही कुणी ते उच्चारले की कौतुक आहे की टोमणा, हे बोलणाऱ्याचा चेहरा पाहून ठरवावे लागते.

मला यात खटकते ते असे. 'डूम' ज्या वर्षी आला त्याच १९९३ मध्ये, त्याच्या काही महिने आधी, रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा 'मिस्ट' आला होता. एक निर्जन बेट, यंत्रे, पुस्तके, आणि मारायला कुणी नाही. तो गेम 'द सिम्स'ने २००२ मध्ये मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपाचा गेम होता. त्याला कुणी चालण्याचे सिम्युलेटर म्हटले नाही. तो अॅडव्हेंचरच्या फळीवर गुण्यागोविंदाने नांदला. मग वीस वर्षांनी तशाच निर्जन बेटावरच्या गेमला टोमण्याचे नाव का पडावे? माझ्या मते त्याचे कारण कॅमेऱ्यात आहे. मधल्या काळात डोळ्यांच्या उंचीवरून दिसणारे, सलग चालता येणारे जग म्हणजे पुढे बंदूक असणारच, अशी खेळणाऱ्यांच्या हाताला सवय लागली होती. 'मिस्ट'मध्ये एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर क्लिक करत जायचे असल्यामुळे तिथे बंदुकीची अपेक्षाच नव्हती. म्हणून हे नाव गेमचे वर्णन करत नाही, ते खेळणाऱ्याच्या अपेक्षाभंगाचे वर्णन करते.

आणि हा अपेक्षाभंग अपघाताने झालेला नव्हता. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठात शिकवणारे डॅन पिंचबेक यांनी 'हाफ-लाइफ २' या गोळीबाराच्या गेमचे इंजिन, म्हणजे तो चालवणारी मूळ संगणकप्रणाली, घेतले आणि त्यातून गोळीबार, कोडी, शत्रू सगळे काढून टाकल्यावर काय उरते, हे संशोधनाचा प्रयोग म्हणून पाहिले. २००८ मध्ये आलेला तो प्रयोग म्हणजे 'डिअर एस्थर'. पुढे नव्याने चित्रे आणि संगीत बेतून तो २०१२ च्या फेब्रुवारीत स्वतंत्रपणे विक्रीस आला आणि पहिल्याच दिवसात त्यातली गुंतवणूक वसूल झाली. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांपैकी एका बेटावर तुम्ही चालता. उडी नाही, धावणे नाही, दार उघडणे नाही. ठरावीक जागी पोहोचलात की एक पुरुष एस्थरला लिहिलेल्या पत्रांतला तुकडा वाचू लागतो, आणि कोणता तुकडा ऐकू येईल हे दर खेपेला थोडे बदलते. त्यामुळे दोघांनी तोच गेम खेळून एकमेकांना गोष्ट सांगितली तर ती तंतोतंत जुळत नाही.

(पडद्यावर: कशेळीचा कातळ, माझ्या फोनवरून.)

हे दृश्य मुद्दाम दाखवते आहे. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर हत्तीचे मोठे कातळशिल्प आहे. तिथे उभे राहिले की हत्ती दिसत नाही. दिसते ती जांभ्यात खोदलेली एक रेघ, जी पायाशी येते आणि लांब निघून जाते. तिच्या कडेकडेने चालत गेले की सोंडेचा अंदाज येतो, मग पाठ लक्षात येते, आणि त्या पोटात आणखी प्राणी कोरलेले आहेत हे सावकाश कळते. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तरी ती कोणी आणि कशासाठी खोदली याची गोष्ट पूर्ण सांगणारा निवेदक तिथे नाही. जो तिथे चालतो त्यानेच तुकडे जोडायचे. 'डिअर एस्थर'मध्ये पाय जे काम करतात ते हेच. तिथे चालणे म्हणजे वाचणे आहे, आणि त्याला 'नुसते' हा शब्द लागत नाही.

आमच्या भाऊकाकांना मी गणपतीत २०१३ चा 'गॉन होम' दाखवला. १९९५ च्या जून महिन्यातली पावसाळी रात्र, अमेरिकेतील ओरेगॉन राज्य. केटी नावाची मुलगी वर्षभर युरोप हिंडून घरी येते, तर घरात कुणीच नाही. किल्ली बाहेरच एका बदकाखाली ठेवलेली सापडते. इथवर पाहून काका म्हणाले, "ही तर आपल्यातलीच चाकरमानी." बंद घर उघडायचे, बटण चाचपडत दिवा लावायचा, कुठल्या फडताळात काय आहे ते पाहायचे, टेबलावरची चिठ्ठी वाचायची, गणपतीच्या आदल्या रात्री मुंबईहून येणारे आमचे अर्धे वाडीकर दुसरे काय करतात? मग काकांनी ठरवून टाकले की या घरात भूत आहे. पाऊस, गडगडाट, लुकलुकणारा दिवा, म्हणजे भूत येणारच. त्या वेळी जगभरच्या अनेक खेळणाऱ्यांचाही असाच समज झाला होता, आणि गेम त्या समजाचा पुरेपूर फायदा उठवतो. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. थोड्या वेळाने काका कुरकुरले, "पोरगी जाईल तिथले दिवे तसेच ठेवते आहे, बिल कोण भरणार?" आणि मग घरातच वडिलांची धाकट्या मुलीसाठी चिठ्ठी सापडली: सगळे दिवे चालू ठेवत जाऊ नकोस, तूही तुझ्या बहिणीसारखीच. काका इतके हसले की काकू पडवीतून उठून आत आल्या.

'वॉकिंग'बद्दल एवढे पुरे. 'सिम्युलेटर' हा शब्द तर त्याहून चुकीचा आहे, कारण या गेममध्ये चालण्याची नक्कल जवळजवळ नसते. पाय अडखळत नाही, दम लागत नाही, उतारावर तोल जात नाही. एक बटण दाबले की कॅमेरा तरंगत पुढे सरकतो. चालण्याचे खरे सिम्युलेटर पाहायचे असेल तर बेनेट फॉडी यांचा २००८ चा 'क्वॉप' पाहावा, ज्यात मांड्या आणि पोटऱ्या चार वेगवेगळ्या कळांनी हलवाव्या लागतात आणि धावपटू दोन पावलांत तोंडावर आपटतो. नाहीतर २०१९ चा 'डेथ स्ट्रँडिंग' पाहावा, जिथे पाठीवरचे ओझे एका बाजूला कलले की तोल सावरावा लागतो. श्रावणात शेवाळलेल्या पाखाडीवरून डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या बाईला तो गेम लगेच कळेल. त्याचे निर्माते हिदेओ कोजिमा यांनी त्याचे 'स्ट्रँड गेम' असे स्वतःच बारसे केले होते, पण आईबापांनी ठेवलेले नाव वाडीत चालतेच असे नाही.

नाव चुकीचे असले तरी ते टिकले, आणि त्याला व्यवहाराचे कारण आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने २०१४ मध्ये खेळणाऱ्यांनाच गेमना शिक्के (टॅग) लावण्याची सोय दिली आणि 'वॉकिंग सिम्युलेटर' हा शिक्का तिथे अधिकृतपणे फळीवर जाऊन बसला. लहान निर्मात्याला तो टाळणे परवडत नाही. २०१५ पासून त्याच दुकानात चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ज्या गेमची सगळी गोष्टच दोन तासांत संपते, तो बंदुकीच्या आशेने घेणाऱ्या गिऱ्हाइकाने परत केला तर नुकसान निर्मात्याचे. टोमणा का असेना, शिक्का लागला की चुकीचे गिऱ्हाईक आधीच दूर राहते आणि ज्याला हेच हवे आहे तो शोधत येतो. २०१८ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्तम गेमचा मान 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच'ला मिळाला, तोही याच फळीवरचा. त्यानंतर हे नाव पूर्वीइतके बोचत नाही, असे मला वाटते.

राहिला आमच्या यादीचा प्रश्न. 'चालण्याचे गेम' हे नाव भाषांतर म्हणून ठीक आहे, पण चालणे हे त्यांतले साधन आहे. 'भटकंती' म्हटले तर गडकोटांवर निघालेली मंडळी चुकून इथे येतील. काकांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, मी न विचारताच, एक शब्द वापरला. "कालचे ते तुझे घर धुंडाळायचे राहिले आहे ना," ते म्हणाले, "माळा अजून पाहिला नाही." त्यामुळे यादीचे नाव आजपासून 'धुंडाळायचे गेम' असे केले आहे. बुद्धिबळ आणि मोटारी त्यातून बाहेर पडल्या. 'मिस्ट' मात्र आत आला, आणि पुढचा भाग त्याच्यावरच असेल.