बारा की चोवीस?

मंडळी, घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं अनोळखी प्रवाळ ओळखायचं कसं, हा विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे. पण आधी सांगा, तुमच्यापैकी कितीजणींकडे पोवळ्याची माळ किंवा मंगळाची अंगठी आहे? बघा, निम्मे हात वर! आता त्या पोवळ्याला हात किती होते, ते सांगा. नाही ना आठवत? आठ. दागिन्यातलं लाल पोवळं म्हणजे भूमध्य समुद्रातलं कोरॅलियम रुब्रम. त्याच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे वसाहतीतल्या एकेका इवल्या जिवाला, पिसांसारखी आठ टेंटॅकल्स असतात, मी त्यांना हातच म्हणते. १७०६ मध्ये मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली, हात उघडले आणि त्याला वाटलं, आठ पाकळ्यांची फुलं उमलली. पुढे पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सांगितलं, ही फुलं नव्हेत, प्राणी आहेत. पॅरिसच्या विद्वानांनी ते मनावर घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण पाकळ्या मार्सिलीने बरोबर मोजल्या होत्या!

मोजणं हाच माझा हट्ट आहे. तो कुठून आला ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका दुकानातून मी सुपारीएवढा एक फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा छोटा तुकडा, आणला. निळ्या दिव्याखाली हिरवा झगझगीत. दुकानदार म्हणाला, गोनिओपोरा नावाचं दगडी प्रवाळ आहे. माझ्याकडे मोठी गोनिओपोरा होतीच. एकाच जातीचे शेजारी सहसा एकमेकांना डसत नाहीत, म्हणून मी हा फ्रॅग तिला अगदी खेटून ठेवला. आठवड्याभरात फ्रॅगचं त्या बाजूचं मांस गळलं आणि नखाएवढा पांढरा सांगाडा उघडा पडला. पाणी तपासलं, क्षार तपासले, सगळं ठीक.

मग रात्री मी पंप बंद केले. प्रवाह थांबला की पॉलिप हलत नाहीत. निळा दिवा बंद करून साधा पांढरा लावला, तर झगझगीत हिरवा गेला आणि समोर चहाच्या रंगाचा तपकिरी गोळा! वीस मिनिटं थांबले. मोबाइलला भिंगाची क्लिप लावून व्हिडिओ घेतला, तो थांबवून एक पॉलिप मोठा केला आणि कागदावर रेघा ओढत गेले. अकरा. पुन्हा मोजले, एक हात मागे वळला होता. बारा. दुसरा पॉलिप, बारा. तिसरा, बारा. प्रत्येक हाताच्या टोकाला मोहरीसारखी गाठ.

गोनिओपोराला चोवीस हात असतात, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या अल्विओपोराला बारा. दुकानातून घरी आणलेलं नाव चुकीचं होतं आणि त्या नावाच्या भरवशावर मी दोन परक्यांना एका बाकावर बसवलं होतं. पूर्वी शास्त्रज्ञही या दोघींना एकाच कुळात धरत. जनुकं तपासल्यावर अल्विओपोरा अॅक्रोपोरा या दुसऱ्याच दगडी प्रवाळाच्या कुळात गेली. मी फ्रॅग वीतभर लांब हलवला. उरलेला भाग जगला, आज तो मुठीएवढा आहे.

म्हणून मला प्रवाळांच्या त्या ड्रॅगन, युनिकॉर्न असल्या बाजारी नावांचा राग येतो. ती नावं रंगाची आहेत आणि रंग उजेडाप्रमाणे बदलतो. पाहुणीचं नाव तिच्या साडीवरून ठेवतं का कुणी?

संचालिकाबाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं राहिलीत. म्हणजे मुख्य मुद्दे भराभर.

पहिलं, हात मोजा. आठ आणि पिसांसारखे असतील तर मऊ प्रवाळ किंवा पोवळ्याचे भाऊबंद. सहाच्या पटीत असतील तर बहुधा दगडी प्रवाळ. दुसरं, भिंती बघा. पॉलिपच्या शेजारशेजारच्या खोल्यांत एकच भिंत असेल, चाळीसारखी, तर फेव्हायटीस. प्रत्येकाची भिंत वेगळी आणि मध्ये खोबण असेल, बंगल्यांसारखी, तर डिप्सॅस्ट्रिया. जुन्या पुस्तकांत तिला फेविया म्हणत. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी वर्गीकरणाची फेररचना केली, त्यात ते नाव अटलांटिकमधल्या प्रवाळांपुरतं राहिलं. तिसरं, घरी वंशापर्यंत, म्हणजे गोनिओपोरा की अल्विओपोरा इथपर्यंत, पोचलात तरी पुरे. प्रजातीसाठी सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली घालावा लागतो, कधी डीएनएही लागतो, कारण एकाच प्रजातीचा आकार उजेड आणि प्रवाहाप्रमाणे बदलतो.

आणि हे मात्र लिहून घ्या. दगडी सांगाडा नाही, कडेला हातांची झालर आहे आणि मांसात वाळूचे कण रुतलेत, तर ती पॅलिथोआ समजा. त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. हे विष १९७१ मध्ये हवाईच्या शास्त्रज्ञांनी वेगळं केलं. नको असलेली पॅलिथोआ मारायला तो दगड कधीही उकळू नका, वाफेनेही माणूस दवाखान्यात जातो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय घासू नका.

सुट्टीत गावी जाणाऱ्यांसाठी एक. मालवणचं प्रवाळ पाण्यात डोळे भरून बघा, पण तुकडाही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात दगडी प्रवाळ आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत.

ज्यांच्या टँकमध्ये अनोळखी पाहुणा आहे त्यांनी चहाच्या वेळी मला फोटो दाखवा. पांढऱ्या उजेडातला, पंप बंद करून घेतलेला. हात मी मोजते.